जर्मनीत गाडी चालवायचीय? भारतीय लायसनवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात अकरा वर्षं गाडी चालवून मी श्टुटगार्टजवळ राहायला आले आणि इथल्या प्रॅक्टिकल परीक्षेत बाराव्या मिनिटाला नापास झाले. दुसऱ्या खेपेला पास झाले. तेव्हापासून ओळखीतलं कोणी नव्याने आलं की फोन माझ्याकडे वळवला जातो, आणि प्रश्न तेच ते असतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. हे सगळं कारच्या लायसनबद्दल, म्हणजे इथल्या 'बी' वर्गाबद्दल आहे.

भारतातलं लायसन इथे किती दिवस चालतं?

सहा महिने. पर्यटक म्हणून आलात तर प्रश्नच नाही, पण इथे राहायला आलात की राहायला लागल्यापासून सहा महिने. कंपनीने वर्षभरासाठीच पाठवलं असेल आणि बारा महिन्यांच्या आत परत जाणार हे कागदोपत्री दाखवता येत असेल, तर आणखी सहा महिन्यांपर्यंत मुदत वाढवून मिळू शकते. ती आपोआप वाढत नाही, अर्ज करावा लागतो.

लर्निंग लायसन इथे अजिबात चालत नाही.

मधे दिवाळीला घरी जाऊन आलं की सहा महिने पुन्हा नव्याने सुरू होतात का?

नाही. हा प्रश्न मला दर वर्षी नोव्हेंबरात येतो. मोजणी होते ती इथे बिऱ्हाड थाटल्यापासून, शेवटच्या विमानापासून नाही. व्यवहारात नगरपालिकेत पत्ता नोंदवल्याची तारीख धरून चाला. पासपोर्टवर कितीही शिक्के पडले तरी ती तारीख हलत नाही.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना आणलाय. त्यावर एक वर्ष लिहिलंय. मग वर्षभर चालवता येईल ना?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आरटीओ हजार रुपये घेऊन जी पुस्तिका देतं ती तुमच्या मूळ लायसनचं अनेक भाषांतलं भाषांतर असतं, वेगळा परवाना नाही. पुस्तिकेची मुदत वर्षभराची असली तरी जर्मनीत राहणाऱ्याला सहा महिन्यांचाच नियम लागू. पहिल्या सहा महिन्यांत तिचा उपयोग मात्र होतो. पोलिसांनी थांबवलं तर मूळ कार्डासोबत दाखवायला जर्मन मजकूर हातात असतो. एकटी पुस्तिका घेऊन फिरू नका, मूळ कार्ड बरोबर हवंच. मोबाइलमधलं डिजिलॉकर इथे कोणी विचारात घेत नाही.

सहा महिने उलटल्यावर थोडं जवळपास चालवलं तर काय होतं? कोण बघतंय?

रोज कोणी बघत नाही, हे खरं. पण कायद्याच्या नजरेत तुम्ही तेव्हा 'विनापरवाना' असता आणि इथे तो चलन फाडून मिटणारा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. शिक्षा दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. ज्याने तुम्हाला आपल्या गाडीची चावी दिली तोही कायद्याने अडकतो, हे त्या मित्रालाही सांगा. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याची भरपाई देते, पण नंतर तुमच्याकडून पाच हजार युरोपर्यंत वसूल करू शकते. व्हिसाच्या जिवावर इथे राहणाऱ्या माणसाने किराणा आणायला हा जुगार खेळू नये. बस आहे, सायकल आहे.

मग परीक्षा द्यावीच लागते? मैत्रिणीच्या जपानी सहकाऱ्याला तर नुसतं बदलून मिळालं.

मिळालं असणार. जर्मनीने काही देशांची यादी केली आहे, त्या देशांचं लायसन परीक्षेशिवाय बदलून मिळतं. जपान त्या यादीत आहे, भारत नाही. त्यामुळे आपल्याला लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

पण एक मोठी सवलत आहे आणि ती अनेकांना ठाऊक नसते. नवशिक्या माणसाला इथे दीड-दीड तासाचे चौदा थिअरी वर्ग आणि त्यावर बारा खास ड्रायव्हिंगचे तास सक्तीचे असतात: पाच गावाबाहेरच्या रस्त्यावर, चार ऑटोबानवर (म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेवर), तीन अंधारात. तुमच्याकडे वैध भारतीय लायसन असेल तर यातलं काहीही सक्तीचं नाही. या मार्गाला इथे 'उमश्रायबुंग' म्हणतात. फारशूलेत, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, पाऊल ठेवल्या ठेवल्या हा शब्द उच्चारा. नाहीतर पूर्ण कोर्सचा फॉर्म पुढे सरकवला जातो.

भारतातून निघायच्या आधी काय करून ठेवू?

लायसनची मुदत तपासा. हल्ली नियम असा आहे की तिशीच्या आत काढलेलं लायसन चाळिशीपर्यंत चालतं, तिशी ते पन्नाशीत काढलेलं दहा वर्षं. चाळिशीला टेकलेले बरेच जण इथे येऊन बघतात तर कार्ड दोन महिन्यांपूर्वीच संपलेलं. भारतात मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत नूतनीकरण झालं नाही तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, म्हणजे दोन्हीकडून गेलं.

जुनं पुस्तिकेसारखं लायसन असेल तर ते स्मार्टकार्डात बदलून घ्या. पासपोर्टवरचं नाव आणि लायसनवरचं नाव जुळतंय का ते बघा. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललं आणि लायसन माहेरच्या नावाचंच राहिलं, ही आपल्याकडच्या बायकांची नेहमीची अडचण. आरटीओत एक फेरी मारून हे आधीच निस्तरलेलं बरं. इथल्या परवाना कार्यालयातल्या बाईंना 'मधलं नाव म्हणजे वडिलांचं, नंतर नवऱ्याचं' हे समजावताना माझी अर्धी सकाळ गेली होती.

भारतात कधी लायसन काढलंच नाही. येण्याआधी एजंटकडून पटकन काढून आणू का?

इथे राहायला येण्याआधी, रीतसर शिकून काढलं तर जरूर काढा, सक्तीचे तास वाचतात. पण इथे राहायला लागल्यावर सुट्टीत तिकडे जाऊन काढलेलं लायसन इथे मान्य होत नाही. कार्डावरची तारीख आणि पत्ता नोंदवल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघितलं जातं.

आणि नुसतं कार्ड आणून भागत नाही. ज्यांनी आरटीओच्या मैदानात दहा मिनिटं गाडी पुढे-मागे करून कार्ड मिळवलं त्यांना इथे शेवटी तीस-चाळीस तास घ्यावेच लागतात. मग वाचलं काय?

कागद कोणते लागतात?

पासपोर्ट, पत्ता नोंदणीचा दाखला, बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन आणि त्याचं जर्मन भाषांतर. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून किंवा आडेआत्से या मोटार क्लबकडून करून मिळतं. काढण्याआधी तुमच्या गावच्या परवाना कार्यालयाला कोणाचं चालतं ते विचारा, गावोगावी फरक आहे. शिवाय डोळ्यांची तपासणी, ती कुठल्याही चष्म्याच्या दुकानात सहा-सात युरोत होते. आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग. पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास, पुतळ्याच्या छातीवर दाब देणं, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं. मला तो आवडला, खरं सांगते. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे यावं, ही अपेक्षाच मला नवी होती.

अर्ज फ्युररशाइनश्टेले नावाच्या परवाना कार्यालयात द्यायचा आणि त्यातच फारशूलेचं नाव लिहायचं. परीक्षेसाठी दुहेरी पेडलची गाडी आणि शेजारी शिक्षक लागतो, म्हणून फारशूले टाळता येत नाही. मग काही आठवडे वाट. पहिल्या महिन्यातच अर्ज टाका. सहा महिने भरपूर वाटतात, पण कार्यालय, परीक्षेची तारीख आणि ऑगस्टची सुट्टी मिळून ते गिळून टाकतात. मुदत उलटली म्हणून बदलून घ्यायचा हक्क जात नाही. फक्त मधल्या काळात गाडी चालवता येत नाही.

लेखी परीक्षा अवघड असते का?

अभ्यास केला तर नाही, न करता गेलात तर हमखास नापास. संगणकावर तीस प्रश्न, इंग्रजीत देता येते. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाला दोन ते पाच दोषगुण. दहापर्यंत दोषगुण चालतात, पण पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होऊनही नापास. एका प्रश्नाची दोन-तीन उत्तरं बरोबर असू शकतात आणि त्या सगळ्यांवर टिक करावी लागते. प्रश्नसंच हजाराहून मोठा आहे आणि मोबाइल अ‍ॅपवर मिळतो. मी तो एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, येता-जाता संपवला. साधारण सहा आठवडे लागले.

गणितही आहे, घाबरू नका. वेगाला दहाने भागा आणि तीनने गुणा, ते झालं ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर. वेगाला दहाने भागून त्याचा वर्ग करा, ते ब्रेक लागल्यानंतरचं. म्हणजे ताशी पन्नासला पंधरा अधिक पंचवीस, चाळीस मीटर. ताशी शंभरला तीस अधिक शंभर. वेग दुप्पट झाला तर अंतर तिपटीहून जास्त वाढतं, हे मला अकरा वर्षं गाडी चालवून ठाऊक नव्हतं. एक्सप्रेसवेवर पुढच्याच्या डिकीला चिकटून चालवलेली गाडी आठवली आणि पोटात गोळा आला.

लेखी पास झाल्यापासून बारा महिन्यांत प्रॅक्टिकल पास व्हावं लागतं.

प्रॅक्टिकलला नक्की काय होतं?

शिक्षक शेजारी, परीक्षक मागच्या सीटवर. परीक्षक फारशूलेचा नसतो, ट्यूफ किंवा डेक्रा या संस्थेचा असतो. एकूण पंचावन्न मिनिटं, त्यात निदान तीस मिनिटं प्रत्यक्ष चालवणं. सुरुवातीला गाडीबद्दल एखादा प्रश्न: टायरची झीज कशी बघाल, धुक्याचा दिवा कुठे आहे. मग गावातल्या गल्ल्या, मोठा रस्ता, बहुतेक वेळा ऑटोबान. मधेच रिव्हर्स पार्किंग, गाडी वळवून घेणं किंवा अचानक करकचून ब्रेक. शिक्षकाला एकदा जरी ब्रेकवर पाय ठेवावा लागला तर परीक्षा तिथेच संपते.

मग अनुभवी माणसं नापास का होतात?

कारण आपला हात बसलेला असतो, मान बसलेली नसते.

मी स्वतःच्या अनुभवावरून आणि निदान पंधरा जणांच्या रडकथा ऐकून सांगते, क्लच-गिअरमुळे नापास झालेला आपला माणूस मी पाहिला नाही. लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आधी गाडी काढलेल्या माणसाला गाडीचा अंदाज कोणी शिकवायला नको. परीक्षक अंदाज तपासतच नाही. तुम्ही बघितलंत का, एवढंच तो बघतो.

पहिलं, शुल्टरब्लिक. वळण्याआधी, लेन बदलण्याआधी, कडेची गाडी काढण्याआधी खांद्यावरून मागे वळून बघायचं. आरशात बघितलं हे पुरत नाही, कारण आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात सायकलवाला असतो. उजवीकडे वळताना तर नक्की असतो. तो सरळ जाणार असेल तर आधी तो, मग तुम्ही. आणि नुसते डोळे फिरवू नका, मान वळलेली मागच्या सीटवरून दिसली पाहिजे. मी घरी खुर्चीवर बसून सराव करायचे. मुलगा विचारायचा, आई मान अवघडली का?

दुसरं, उजवीकडचा आधी. खुणा नसलेल्या चौकात उजव्या बाजूने येणाऱ्याला पहिला मान, मग तुमचा रस्ता रुंद असो आणि त्याचा बोळ असो. तो ट्रक असो की सायकलवरची आजी. मी नापास झाले ती इथेच. मी सरळ रस्त्याने ताशी तीसने निवांत चालले होते आणि उजवीकडच्या गल्लीतून एक छोटी गाडी येत होती. तिने आपोआप थांबावं असं माझ्या मनाने धरलं होतं. शिक्षकाने ब्रेक दाबला. गंमत म्हणजे अनियंत्रित चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी, हा नियम भारताच्या पुस्तकातही आहे. आपल्याकडे वाट मिळते ती मोठ्या गाडीला किंवा मोठ्या हॉर्नला, म्हणून तो कधी अंगवळणी पडला नाही. रस्त्यावर पिवळा चौकोनी हिऱ्यासारखा फलक असेल तर मात्र मान तुमचा. तो फलक शोधत चाला. दिसला नाही तर प्रत्येक उजव्या गल्लीत डोकावत, वेग कमी करत जायचं.

तिसरं, हळू चालवणं. 'परीक्षा आहे, सावकाश जाऊ' हे इथे चालत नाही. शंभरच्या रस्त्यावर विनाकारण सत्तरने गेलात तर ती चूक धरतात. ऑटोबानवर शिरताना बाजूच्या पट्ट्यावर जोरात वेग घ्यायचा आणि वाहत्या रांगेत मिसळायचं. पट्ट्याच्या टोकाला जाऊन थांबलात की संपलं. पुढे गेल्यावर उजवी लेन धरायची, ओव्हरटेक फक्त डावीकडून. आपल्या एक्सप्रेसवेवर उजव्या लेनमध्ये ठाण मांडलेल्या ट्रकला डावीकडून मागे टाकायची जी सवय आहे ती मुंबईच्या विमानतळावरच सोडून या.

बाकी किरकोळ: थांबा फलकाला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, नुसतं हळू केलेलं चालत नाही. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर. गोल चौकात शिरताना इंडिकेटर नाही, बाहेर पडताना द्यायचा. समोरच्याने दिवे चमकवले तर आपल्याकडे त्याचा अर्थ 'मी येतोय, थांब', इथे बहुधा 'जा बाई तू आधी'. तरीही दिव्यांवर विश्वासून पुढे जाऊ नका, आधी खात्री करा.

प्रॅक्टिकल इंग्रजीत देता येते का?

नाही, ती जर्मनमध्ये होते आणि दुभाषा चालत नाही. पण लागतात पंधरा-वीस शब्द: रेख्ट्स म्हणजे उजवीकडे, लिंक्स डावीकडे, गेराडेआउस सरळ, आनहाल्टन थांबणे, आणि 'पुढच्या संधीला वळा' अशी एक लांबलचक सूचना. शिक्षकाला पहिल्या तासापासून सगळ्या सूचना जर्मनमध्येच द्यायला सांगा. परीक्षक काही बोलला नाही तर सरळ जायचं. चुकून डावीच्या ऐवजी उजवीकडे वळलात पण नीट बघून, इंडिकेटर देऊन वळलात, तर त्यासाठी नापास करत नाहीत.

तास किती घ्यावेत? एकूण खर्च?

नियमाने शून्य, अकलेने आठ ते पंधरा. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला साधारण साठ ते ऐंशी युरो पडतात. लेखीला पंचवीसच्या आसपास, प्रॅक्टिकलला एकशे तीसच्या आसपास परीक्षेची फी, त्यावर परीक्षेच्या दिवशीचे फारशूलेचे वेगळे पैसे. सगळं धरून हजार ते दोन हजार युरो मनाशी धरा. मोठ्या शहरात आकडा वर सरकतो. 'दोन तासांत करून देतो' म्हणणारी आणि 'तीस तास लागतीलच' म्हणणारी, दोन्ही फारशूले सोडून द्या. एक चाचणीचा तास घ्या आणि मग ठरवा.

ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर?

सोपी जाते, पण लायसनवर ७८ हा आकडा येतो आणि मग फक्त ऑटोमॅटिक गाडी चालवता येते. यावर २०२१ पासून एक वाट निघाली आहे: गिअरच्या गाडीवर दहा तास आणि फारशूलेतच एक छोटी चाचणी, मग परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही चालवता येतात. पुण्या-मुंबईत गिअर हाणलेल्यांनी सरळ गिअरवरच द्यावी. उजव्या हाताने गिअर टाकायची सवय दोन दिवसांत होते. तोवर डावा हात दार चाचपडत राहतो.

नापास झालो तर?

साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा देता येते. फी पुन्हा. जर्मन लोकही भरपूर नापास होतात, तोंड लपवायचं कारण नाही. परीक्षक चुका सांगतो तेव्हा वाद न घालता लिहून घ्या.

टू-व्हीलरचं काय?

भारतीय कार्डावर बुलेट चालवायची मुभा असली तरी इथे मोटारसायकलचा वर्ग वेगळा, परीक्षाही वेगळ्या. कारच्या लायसनवर फक्त पन्नास सीसीची, ताशी पंचेचाळीसपर्यंतची मोपेड चालवता येते.

नवरा चालवतो, मग मी कशाला एवढा खटाटोप करू?

म्युनिकच्या मध्यात राहत असाल तर खरंच नका करू. पण नोकऱ्या असतात कारखान्यांच्या गावांत, आणि तिथे रविवारी तासाला एक बस. मुलाला ताप आला आणि नवरा ऑफिसच्या कामाने हॅम्बुर्गला असला की हा प्रश्न पुन्हा विचारत नाही कोणी. शिवाय जर्मन लायसन युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे चालतं.

प्रोबेत्साइट म्हणजे काय?

नवीन चालकाची दोन वर्षांची कसोटी. या काळात चुकांना जास्त कडक शिक्षा आणि दारूचा एक थेंबही नाही. भारतीय लायसन काढल्यापासूनचा काळ यात धरला जातो, त्यामुळे दोन वर्षांहून जुनं लायसन असेल तर ही कसोटी लागत नाही. तेव्हा अर्जावर मूळ तारीख नीट लिहिली जाते ना ते बघा.

पास झाल्यावर भारतीय लायसन आपल्याकडेच राहतं ना?

नाही, जर्मन कार्ड हातात देताना भारतीय कार्ड जमा करून घेतात. आधीच दोन्ही बाजूंची रंगीत प्रत काढून ठेवा. सुट्टीत भारतात चालवायचं तर जर्मन कार्डासोबत इथून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

मी गेल्या डिसेंबरात नेला होता. भावाच्या मारुतीत बसले, कर्वे रोडला उजवीकडे वळायचं म्हणून डाव्या हाताने दांडी ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागला. आपल्याकडे मारुतीत इंडिकेटर उजव्या हाताला, हे विसरूनच गेले होते. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी खांद्यावरून वळून त्याच्याकडे बघत होते. भाऊ म्हणाला, "ताई, तू त्याच्याकडे काय बघतेस? तो तुझ्याकडे बघतोय का?"